कूलरपाशी कुंकू

जबलपूरच्या महाराजपुरातल्या आमच्या कॉलनीत डासाची एकही अळी सापडली नाही, आणि त्यामुळे मी नापास होणार होते.

हे मी आल्हादला सांगितलं तेव्हा तो कारखान्यात जायच्या घाईत बूट घालत होता. "मग आणू का कुठून?" एवढं म्हणून तो गेलाही. नवऱ्याच्या बोलण्याकडे मी फारसं लक्ष देत नाही, त्यामुळे आमचा संसार नीट चालतो. पण ते वाक्य सासूबाईंनी ऐकलं, आणि सासूबाईंनी ऐकलेली गोष्ट कॉलनीने ऐकल्यासारखीच असते.

आधी अळीचं सांगते. नाही, आधी माझंच सांगते. अळी काय असते हे लोकांना निदान ठाऊक असतं. मी बी.कॉम. आहे आणि सुखदाची आई आहे. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी सुखदाला डेंगू झाला. ती बरी झाली, पण तिच्या खाटेशेजारी बसून मी डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले की शेवटी ते म्हणाले, "मॅडम, आप पब्लिक हेल्थ पढ़ लीजिए." ते वैतागून म्हणाले होते. मी मनावर घेतलं.

वर्गात माझ्याखेरीज सगळे कुठले ना कुठले डॉक्टर. दातांचे, आयुर्वेदाचे, होमिओपॅथीचे, एक तर गुरांचे. पहिल्या दिवशी ओळख करून देताना प्रत्येकाने आपल्या नावाआधी डॉक्टर लावलं. माझ्यापाशी लावायला काही नव्हतं, म्हणून मी "हर्षा, सुखदाची आई" असं सांगितलं. गुरांचे डॉक्टर तेवढे मायेने हसले. आता संख्याशास्त्राच्या तासाला हेच सगळे डॉक्टर माझ्या वहीत डोकावतात, हे मी मुद्दाम सांगत नाही. ओघात आलं म्हणून सांगितलं.

कॉलनीला मात्र मी नेमकं काय शिकते ते कळेना. समोरच्या इंदूकाकू आमच्या महिला मंडळाच्या सचिव. त्यांना माहीत नसलेली गोष्ट कॉलनीत घडू शकत नाही, असा नियम आहे. त्यांनी मला भाजीवाल्याच्या गाडीपाशी गाठलं.

"काय वं हर्षा, डॉक्टर होऊन राहिली म्हणे?"

"नाही काकू, डॉक्टर नाही."

"मग नर्स?"

"नर्सही नाही."

"मग इंजेक्शन कोण देणार?"

"कोणीच नाही. इंजेक्शन द्यायची वेळच येऊ नये, ते शिकते आहे."

काकूंनी हातातला दोडका खाली ठेवून विचार केला. "अच्छा, म्हणजे काही करायचंच नाही. चलो, बरं आहे. सरकारी दिसते."

सासूबाई नागपूरच्या नातेवाइकांना फोनवर समजावून सांगत, "डॉक्टरकीच आहे जी, फक्त त्यात पेशंट नसतात." मी हे दुरुस्त करायचं सोडून दिलं आहे. एखाद्या अभ्यासक्रमाची याहून बरी व्याख्या मला स्वतःलाही जमलेली नाही.

तर या अभ्यासक्रमाचा शेवट म्हणजे प्रकल्प. आपल्या वस्तीत घरोघर जायचं, डेंगूच्या डासाच्या अळ्या किती घरांत आहेत ते बघायचं, मग लोकांना समजावायचं, मग पुन्हा जाऊन फरक दाखवायचा. आधी आणि नंतर; जाहिरातीतल्या टकलासारखं. चैत्र लागला की जबलपुरात खिडकीखिडकीत कूलर बसतात, आणि कूलरच्या टाकीत साचलेलं पाणी म्हणजे या डासाचं माहेरच. बाळंतपणाला तो तिथेच येतो. मी हा विषय निवडला तेव्हा दातांचे डॉक्टर म्हणाले होते, "ये तो बहुत आसान है." दुसऱ्याच्या दाढेबद्दलही ते असंच बोलत असावेत.

अळ्या तपासायला पांढरी पळी आणि टॉर्च लागतात आणि त्या सरकारी कार्यालयातून मिळतात, असं पुस्तकात होतं. पुस्तक लिहिणारे त्या कार्यालयात गेले नसावेत. तिथल्या बाबूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आप डॉक्टर हैं?"

"नहीं."

"हेल्थ वर्कर?"

"नहीं."

"तो फिर मच्छर से आपका क्या संबंध है?"

"माझ्या मुलीला चावलाय," मी म्हणाले. मराठीतच म्हणाले, रागात मला दुसरी भाषा सुचत नाही. त्यांनी मला वरच्या मजल्यावर पाठवलं. वरच्या मजल्यावरच्यांनी, डॉक्टर नसलेल्या माणसाला पळी द्यायची पद्धतच नाही, हे इतक्या सहानुभूतीने सांगितलं की मला त्यांचंच सांत्वन करावंसं वाटलं. चहा मात्र पाजला.

घरी येऊन मी वरणाचा डाव उचलला.

"तो माझ्या आईने दिलेला डाव आहे," सासूबाई म्हणाल्या.

"देशाच्या कामी येतो आहे, आई."

"देशाला म्हणावं, स्वतःचा घेऊन ये."

त्या दिवसापासून आमच्याकडे वरण वाटीने वाढतात.

आता चूक कुठे झाली ते. पाहणीला न कळवता जावं, असं पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. पण न कळवता जाणं याला आमच्यात पाहणी म्हणत नाहीत, भांडणाची सुरुवात म्हणतात. "कोणाकडे असं टपकतात का बाप्पा?" सासूबाई म्हणाल्या. "सांगून जावं माणसाने. ती बिचारी गाऊनवर असली म्हणजे?" हे मला मनापासून पटलं. मी स्वतः गाऊनवर असताना दार वाजलं तर घरात नसल्याचं सोंग करते, आणि सुखदा आतून ओरडून सांगते, "मम्मी बोल रही हैं, मम्मी घर पर नहीं हैं." तेव्हा मी महिला मंडळाच्या ग्रुपवर रीतसर निरोप टाकला: उद्या सकाळी कूलर बघायला येते आहे.

दुसऱ्या दिवशी मी डाव घेऊन निघाले. कूलर पाहिले. असे कूलर मी दुकानातही पाहिलेले नाहीत. टाक्या कोरड्याठाक, घासूनपुसून लख्ख. एका घरी टाकीत वर्तमानपत्र अंथरलेलं, फडताळात अंथरतात तसं. इंदूकाकूंनी कूलरवर क्रोशाचा रुमाल घातला होता आणि समोर रांगोळी काढली होती. प्रत्येक घरी चहा, कुठे पोहे, कुठे चकली. मी वाकून डाव आत घालायची, घरातली सगळी माणसं मागे हात बांधून उभी, आणि मी "काही नाही" म्हटलं की मुलगी पाहायला आलेल्यांनी होकार दिल्यासारखा आनंद. शेवटच्या घरातून निघाले तेव्हा पोट तुडुंब होतं आणि अळ्यांच्या नावाने शून्य.

डॉ. विनीता मॅडम आमच्या मार्गदर्शक. त्या कमी बोलतात, आणि बोलतात त्याचे मार्क होतात. त्यांचा फोन आला.

"हर्षा जी, झीरो? पूरी कॉलोनी में?"

"जी मैडम."

"आप जबलपुर में ही रहती हैं ना?"

मी पुन्हा "जी" म्हटलं.

"बिफोर झीरो है, तो आफ्टर में क्या दिखाएँगी? नॉन-क्लिनिकल वालों के साथ यही होता है. देखना नहीं आता. मैं किसी दिन खुद आऊँगी. बिना बताए."

देखना नहीं आता. सुखदाने पलीकडच्या खोलीत पेन्सिल तोंडात घातली तर मला इकडे पोळी लाटताना कळतं. आल्हाद कारखान्यातून निघताना डबा विसरला आहे, हे मला त्याच्या स्कूटरच्या आवाजावरून समजतं. आणि मला देखना नहीं आता. प्रकल्प गेला की वर्ष गेलं, ते एक वेळ सोसलं असतं. पण "तरी म्हटलं होतं, डॉक्टरांचं काम ते" हे वाक्य आमच्या गल्लीत कायमचं राहायला आलं असतं, माझ्या समोरच्याच घरात.

म्हणून मी ते आल्हादला सांगितलं, त्याने ती थट्टा केली, सासूबाईंनी ती ऐकली, आणि संध्याकाळी पुंडलिककाका हजर झाले.

पुंडलिककाका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. कोणाची गाडी अडली की आपण रुळावर उतरायचं, ही त्यांची जुनी सवय. हातात लोणच्याची बरणी, तोंडाला मलमलीचं फडकं बांधलेलं.

"हर्षा, हे घे. रिछाईहून आणल्या. माझ्या साडूच्या कारखान्यामागे नाली आहे, तिथे चिक्कार. बघ कशा नाचून राहिल्या."

बरणीत अळ्या होत्या.

"काका, यांचं मी काय करू?"

"एकेका कूलरमध्ये थोड्या थोड्या टाक. लिहून घे. मग काढून टाक. परीक्षा पास."

"काका, ही कॉपी झाली."

"कॉपी काहून? अळ्या तर असली आहेत."

मी बरणी परत केली. काका दुखावले. "ठीक आहे, मीच सांभाळतो. लागली तर मागशील," असं म्हणून ते बरणी छातीशी धरून, पाणी हिंदकळू न देता, हळूहळू घरी गेले.

पुढचे काही दिवस कॉलनीतल्या बायका माझ्याकडे बघून अर्थपूर्ण हसत होत्या. मला वाटलं, नवा कुर्ता शोभतोय. मग एका दुपारी सुखदा इंदूकाकूंकडून खेळून आली ती दंड खाजवत. कोपरापासून वरपर्यंत लाल गांधी.

"मम्मी, इंदू आजी के घर बहुत मच्छर हैं," ती म्हणाली. "आजी बोलीं, तुम्हारी मम्मी के लिए पाले हैं."

मी डाव घेतला आणि न कळवता इंदूकाकूंकडे गेले. काकू गाऊनवर होत्या, केसांना मेंदी लावलेली, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी.

"अवं, सांगायचं नं."

"काकू, कूलर."

"अच्छा, कूलर." त्यांचा चेहरा उजळला. पिशवी सावरत त्यांनी मला खिडकीपाशी नेलं. टाकी काठोकाठ भरलेली, आणि पाण्यात अळ्या वळवळत होत्या. मी डाव बुडवला. इतका भरलेला डाव आमच्या घरी श्रीखंडाच्या दिवशीही पाहिला नव्हता.

"बघ," काकू म्हणाल्या. "आठवडा झाला, पाणी बदललं नाही. आमच्या ह्यांना तर टाकीला हातही लावू दिला नाही. सगळ्यांनीच ठेवलंय. तुझ्या मॅडम आल्या की दाखव, मग आम्ही ओतून देतो. आपली पोरगी आहे, नापास कशी होऊ देऊ?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. साचलेलं पाणी मला हल्ली कुठेच चालत नाही, म्हणून लगेच पुसलं.

मग मी समजावायला बसले. डेंगू दुसऱ्यांदा झाला तर पहिल्यापेक्षा भारी पडू शकतो, सुखदाला एकदा होऊन गेलेला आहे, सगळं सांगितलं. काकूंनी मान हलवत ऐकलं आणि म्हणाल्या, "मॅडम येईपर्यंत धीर धर नं." ग्रुपवर चित्रांसकट माहिती टाकली, तर उत्तरादाखल जोडलेले हात आणि "ऑल द बेस्ट" आलं. घरी आले तर तुळशीमागे झाकून ठेवलेली बादली.

"आई, तुम्हीसुद्धा?"

"मी काहून मागे राहू?" सासूबाई म्हणाल्या. "सून तर माझी आहे."

सुखदाच्या हाताला मलम लावताना मी हिशेब मांडला. त्याला बी.कॉम. पुरेसं होतं. पाणी राहू दिलं तर माझं 'आधी' तयार होतं, चार दिवसांनी 'नंतर' तयार झालं असतं, आणि मार्क हातात. पाणी ओतलं तर पुन्हा शून्य. एकीकडे वर्ष, दुसरीकडे हा दंड. सुखदा विचारत होती, डासांनाही मम्मी असते का. असते म्हटलं, आणि तीच चावते.

पण पाणी ओतवायचं कसं? डेंगूचं सांगून कोणी ऐकेना. तेव्हा मला आठवलं की पहिल्या वेळी मी डेंगूचा 'ड'सुद्धा उच्चारला नव्हता. मी फक्त "येते आहे" म्हटलं होतं, आणि एका रात्रीत सगळी कॉलनी कोरडी झाली होती. आमच्या बायका डासाला भीत नाहीत, तापाला भीत नाहीत. दुसऱ्या बाईने आपल्या घरातला कोपरा पाहिला, याला भितात. मला अभिमानाने सांगावंसं वाटतं की मीही त्यातलीच आहे.

आणि घरोघर चैत्रगौर बसलेली होती. चैत्रात कुंकवाला येते म्हणणाऱ्या बाईला नको म्हणायची कोणाची छाती नाही. मी ग्रुपवर लिहिलं: "उद्या शुक्रवार. मी आणि आई चैत्रगौरीच्या कुंकवाला सगळ्यांकडे येतो आहोत. ऊन फार, म्हणून कुंकू कूलरपाशीच घेऊ. ज्या घरचं कुंकू झालं, त्या घरची बाई आमच्याबरोबर पुढच्या घरी येईल."

म्हणजे शेवटच्या घराचा कूलर सगळी कॉलनी बघणार होती.

त्या संध्याकाळी नळाला पाणी यायची वेळ नसताना गल्लीतली नाली खळाळून वाहिली. तिच्यातून माझा प्रकल्प वाहत गेला. मी गॅलरीत उभी राहून तुळशीमागची बादली ओतली आणि बघत राहिले.

शुक्रवारी आमची मिरवणूक निघाली. पुढे मी डाव घेऊन, मागे सासूबाई, आणि प्रत्येक घरी एकेक बाई वाढत गेली. कैरीची डाळ, पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे. आणि सगळ्याच्या आधी, बायकांनी एका ओळीत वाकून टाकीत बघणं. मी डाव घालायच्या आत मागून कोणी तरी म्हणायची, "कोपऱ्यात बघ, कोपऱ्यात." एवढी कडक तपासणी कुठल्याही खात्याच्या बापाच्याने झाली नसती.

आम्ही इंदूकाकूंच्या घरी पोहोचलो, तेव्हा त्या मात्र फुगल्या होत्या. "शिकलेली आहे, पण अक्कल नाही," माझ्या कपाळाला कुंकू जरा जोरातच टेकवत त्या पुटपुटल्या. "एवढ्या मेहनतीने ठेवलं होतं. आता तुझ्या मॅडम आल्या म्हणजे काय दाखवणार आहेस? माझं डोकं?"

"नमस्ते," दारातून आवाज आला. "हर्षा जी यहाँ हैं?"

विनीता मॅडम. बिना बताए. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात फाइल. समोर एवढ्या बायका कूलरभोवती दाटीवाटीने वाकलेल्या पाहून त्या उंबऱ्यातच थांबल्या. मग आत आल्या, स्वतः वाकून टाकी पाहिली, बोट फिरवलं. बोट कोरडं आलं. त्यांनी सरळ इंदूकाकूंना विचारलं, "यहाँ पहले लार्वा था?"

इंदूकाकूंचं एक सांगते. एका दिवाळीत पाहुण्यांना त्यांच्या दिवाणखान्यात कोळ्याचं जाळं दिसलं होतं. काकूंनी संक्रांतीच्या आत सगळं घर रंगवून घेतलं. त्या इंदूकाकूंनी पदर सारखा केला आणि ताठ मानेने म्हणाल्या, "बहुत था, मैडम. पूरी कॉलोनी में हमारा घर सबसे गंदा था. हर्षा ने सुधारा."

"हमारा इनसे भी गंदा था," मागून कोणी तरी म्हणालं.

"हमारे यहाँ तो कूलर खोलते ही बास मारता था." या सासूबाई होत्या. आमच्याच कूलरबद्दल.

मॅडमच्या भुवया वर गेल्या. "डेंगू का मच्छर गंदगी में नहीं होता. साफ पानी में होता है."

मग इंदूकाकू म्हणाल्या, "तो हमारी गंदगी भी साफ ही थी, मैडम."

तेवढ्यात बायकांमधून वाट काढत पुंडलिककाका आले, बरणी घेऊन. "मैडम, सबूत. ये पहले के हैं. यहीं के कूलर के." खोटं बोलायची सवय नसल्यामुळे ते छताकडे बघत होते.

मॅडमनी बरणी उजेडात धरली. मीही पाहिलं. न पाहता मला राहवतच नाही.

"मैडम, ये डेंगू वाले नहीं हैं," मी म्हणाले. "क्यूलेक्स है. साँस की नली देखिए, कितनी लंबी और पतली है. डेंगू वाले एडीस की छोटी और मोटी होती है. ये रिछाई की नाली के हैं."

मॅडमनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावला. "हाँ," त्या म्हणाल्या. "क्यूलेक्स ही है." आणि पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "देखना तो आता है आपको."

आता इथे गप्प बसायला हवं होतं. पण समोर या सगळ्या बायका माझ्यासाठी आपापल्या घराची अब्रू चव्हाट्यावर मांडून उभ्या होत्या, आणि ते मला बघवेना. मी सगळं सांगून टाकलं. कळवून गेले ते, शून्य आलं ते, कूलरमध्ये अळ्या पाळल्या गेल्या त्या, आणि कालचा निरोप.

"मेली," इंदूकाकू हळूच म्हणाल्या, "वाचवून राहिलो होतो नं."

मॅडमनी बरणी कूलरवर ठेवली. मग म्हणाल्या, "कल शाम मैसेज डाला, और आज सब सूखा?"

"जी."

"अगले शुक्रवार?"

"फिर आएँगे. अक्षय तृतीया तक गौर बैठी है. उसके बाद भी आएँगे, कुंकू के लिए कोई मना नहीं करता. हर बार बता के."

"और पर्चे कितने बाँटे?"

"एक भी नहीं."

मॅडमनी फाइल उघडली, माझ्या प्रकल्पाच्या नावावर एक रेघ मारली. "नाम बदलिए," त्या म्हणाल्या. "जो आज यहाँ देखा, वो लिखिए. शुरू का झीरो भी, और वो झीरो क्यों आया, ये भी. बारिश तक हर शुक्रवार का हिसाब चाहिए मुझे." मग त्या जायला वळल्या. पण चैत्रात आलेल्या बाईला कुंकवाशिवाय जाऊ देतील तर त्या इंदूकाकू कसल्या. मॅडमना कूलरसमोर पाटावर बसवलं, पन्हं दिलं, ओटी भरली. हेल्मेट मांडीवर आणि हेल्मेटमध्ये हरभरे, अशा त्या बसल्या होत्या.

"मैडम, आपका घर किधर पड़ता है?" काकूंनी विचारलं.

"अधारताल. पास में ही."

"अरे, फिर तो अगले शुक्रवार आपके यहाँ भी आते हैं. सब के सब."

मॅडमचा पन्ह्याचा पेला ओठांपाशीच थांबला. त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांच्या घरची खिडकी उभी राहिलेली मला स्पष्ट दिसली.

"आइए ना," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "बस, एक दिन पहले बता दीजिएगा."

सासूबाईंनी डाव पदराने स्वच्छ पुसला आणि माझ्या हातात दिला.

"ठेव तुझ्याजवळच," त्या म्हणाल्या. "तिकडेही लागेल."